हरकत क्रमांक चार

"जावईबापू आपण होऊन वाणाला आले हो!"

माझा एक पाय मिरजेच्या मातीला लागला होता आणि दुसरा अजून रिक्षातच होता, तेवढ्यात सासूबाईंनी ही वार्ता शेजारच्या काशीकर काकूंना दिली. काकूंनी ती कठड्यावरूनच पलीकडच्या सतारीच्या कारखान्याला कळवली. तार लावण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि दोन कारागीर दारात येऊन मला न्याहाळू लागले.

"आमच्या जावयाला तीनदा आमंत्रण धाडलं तेव्हा कुठं उगवला," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडच्या अनारशांचा वास थेट पुण्याला गेला वाटतं!"

मी हसलो. ज्याला बोलता येत नाही त्याच्या गाठीशी एक हसणे असते. लोक त्याचा आपापल्या सोयीने अर्थ लावतात आणि बहुधा चांगलाच लावतात.

शाल्मलीने माझ्याकडे पाहिले. तुला ठाऊक होते का, असा प्रश्न तिच्या डोळ्यांत होता. मला ठाऊक नव्हते. तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक महिना त्या मे महिन्यात चालू होता. आमच्या लग्नानंतरचा तो पहिलाच. लेक लक्ष्मी आणि जावई नारायण, असे मानून त्यांचे पाय धुवायचे, तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे, असा त्या महिन्याचा रिवाज. आम्ही मात्र घटस्फोटाच्या अर्जाला जोडण्यासाठी आमच्या लग्नाचा एक फोटो आणि एक पत्रिका न्यायला आलो होतो.

आमच्या लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. मुळात लग्न झाले होते याचा पुरावा दिल्याखेरीज न्यायालय ते मोडत नाही, हे आम्हांला वकीलबाईंकडून कळले. "हार घालतानाचा फोटो आणा. दोघांचे चेहरे स्पष्ट हवेत," त्या म्हणाल्या होत्या. "आणि शक्यतो हसरे नकोत, असं काही नाही. हसरे चालतात." उन्हाळी सुटी संपताच, जूनच्या पहिल्या आठवड्यात, परस्परसंमतीचा अर्ज दाखल व्हायचा होता.

एसटीत, कराड मागे पडल्यावर, शाल्मली म्हणाली होती, "बाबांना तू सांगायचंस."

"मी?"

"तूच. मी सांगितलं तर ते मला समजावत बसतील. तुला समजावायला त्यांना संकोच वाटेल." मग खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "आणि सारंग, माझ्यासाठी एकदा तरी काहीतरी बोल."

मी होकार दिला. मानेनेच.

आम्ही एकत्र राहिलो पंधरा महिने, आणि वेगळे झाल्याला चौदा महिने लोटले होते. ही गोष्ट मिरजेला ठाऊक नव्हती. ती कळू नये म्हणून आम्ही एक व्यवस्था लावली होती. दर रविवारी अकरा वाजता शाल्मली कर्वेनगरच्या तिच्या भाड्याच्या खोलीतून माझ्या घरी येई. आम्ही सोफ्यावर बसून तिच्या आईवडिलांना व्हिडिओ कॉल करू. भाजी कोणती, पाऊस आहे का, मावशीचा गुडघा कसा आहे. वीस मिनिटे. मग ती चप्पल घालून निघून जाई.

फोनच्या लहानशा चौकटीत दोघे मावावेत म्हणून आम्हांला खांद्याला खांदा लावून बसावे लागे. तो स्पर्श माझ्या खांद्यावर मंगळवारपर्यंत राही. मी शनिवारी सोफ्यावरची धूळ झटके, उशीचे अभ्रे बदले. ती हे ओझे म्हणून वाहत होती, आणि मी त्यावर जगत होतो. बाबांना सांगताच रविवार संपणार होते. हे तिच्या ध्यानात आले नव्हते. माझ्या मात्र एसटीत बसण्यापूर्वीच आले होते.

*

माजघरात दोन पाट मांडले होते. रांगोळी होती. शाल्मलीला आईची अंजिरी पैठणी नेसवली होती आणि माझ्या शर्टावर उपरणे आले होते. समोर तांब्याचे ताम्हन घेऊन शाल्मलीचे वडील मांडी घालून बसले. रघुनाथराव मिराशी. काटक, गोरे, कानांवर पांढरे केस. एकतीस वर्षे न्यायालयाच्या दाखल-विभागात काढून निवृत्त झालेले. आलेला अर्ज न्यायाधीशांपुढे जाण्यापूर्वी तपासायचा, त्यातल्या चुका काढून समासात "हरकत" म्हणून क्रमांक घालून लिहायच्या आणि वकिलाला परत करायचा, हे त्यांचे काम. त्यांच्या हातून एकाही हरकतीविना गेलेला अर्ज कुणी पाहिला नव्हता. आमच्या लग्नपत्रिकेच्या मसुद्यातही त्यांनी अकरा हरकती काढल्या होत्या.

त्यांनी माझ्या पायांना हात घातला.

"बाबा, एक बोलायचं होतं," मी म्हणालो. आवाज उपरण्याच्या आतच राहिला.

"पाटावर बसल्यावर नारायणानं बोलायचं नसतं," ते म्हणाले. "नुसतं हसायचं असतं. तुम्हाला ते उत्तम जमतं."

सासूबाई आणि काशीकर काकू हसल्या. मीही हसलो. दुसरे काय करणार?

ते सावकाश पाय धूत होते. आधी माझे, मग लेकीचे. त्यांनी पंच्याने बोटांच्या बेचक्याही टिपल्या. माझ्या वडिलांनीही माझ्या पायांची एवढी विचारपूस कधी केली नव्हती.

"आता उठ आणि सांग," शाल्मली ओठ न हलवता म्हणाली.

"पाय ओले आहेत."

"सारंग!"

"जोडा कसा कुजबुजतोय बघा," काकू म्हणाल्या. "दृष्ट काढा गं यांची."

दृष्ट काढली गेली. निरांजनासह तेहतीस अनारसे माझ्या हाती आले. मग पुरण भरलेले धोंडे आणि त्यावर तूप. मी तीन खाल्ले. चौथा सासूबाईंनी आग्रहाने वाढला आणि पाचव्याला मी नाही म्हणू शकलो नाही. त्या घरात त्या दिवशी मला एकच गोष्ट बोलायची होती आणि मी "पुरे" एवढेही बोलू शकत नव्हतो.

*

जेवणानंतर सासूबाई अनारशांची ताटली घेऊन काकूंकडे गेल्या. शाल्मली बोळकांडीतल्या माळ्यावरून अल्बमची ट्रंक काढायला स्टुलावर चढली. मी धरायला पुढे झालो, पण आतून हाक आली.

"सारंगराव, इकडे या जरा."

मधल्या खोलीत बाबा टेबलापाशी बसले होते. चष्मा डोळ्यांवर, पुढे टोक केलेली पेन्सिल. मी समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकलो.

"मसुदा आणलात का?"

"कसला?"

"कसला ते मी कशाला सांगू? सांगायला तुम्ही आला आहात ना?"

पलीकडे कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून सुराला लावत होते.

"शाल्मलीनं परवा फोनवर विचारलं," ते म्हणाले, "बाबा, लग्नाचा फोटो आहे का, आणि पत्रिकाही एखादी असेल तर काढून ठेवा. नुसता फोटो मागणारी माणसं भिंतीवर लावायला मागतात. नुसती पत्रिका मागणारे आठवण म्हणून ठेवतात. दोन्ही एकदम कोण मागतं, हे एकतीस वर्षं मी बघितलंय. आणा मसुदा."

मी पिशवीतून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवले. ज्यासाठी आलो होतो ते माझ्याखेरीज घडले होते. इतकी वर्षे सगळे तसेच तर घडत आले होते.

त्यांनी पहिले पान वाचले. दुसरे वाचले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हते. फक्त पेन्सिल हलली.

"हरकत क्रमांक एक," ते म्हणाले. "अर्जदार क्रमांक दोनचा पत्ता. 'कर्वेनगर, पुणे' एवढ्यावर पोस्टमन निवृत्त होईल, पण समन्स पोचणार नाही. घर क्रमांक, इमारत, पिनकोड."

मी पत्ता सांगितला. त्यांनी समासात लिहून घेतला. लेकीचा पत्ता ते चौदा महिन्यांनी प्रथमच लिहीत होते.

"कितवा मजला?"

"दुसरा."

"पाणी येतं का दोन्ही वेळा?"

"येतं."

"हं." त्यांनी पान उलटले. "हरकत दोन. अपत्याविषयी काही म्हटलेलं नाही. मोकळं सोडून चालत नसतं. 'या विवाहातून अपत्य नाही' असं स्पष्ट लिहा. हरकत तीन. प्रत्येक पानावर दोघांच्याही सह्या. वकीलबाईंना सांगा, शेवटच्या पानावर सही घेऊन मधली पानं बदलणारी माणसं मी पाहिली आहेत."

"सांगतो."

"काय?"

"सांगतो, बाबा."

मग ते थांबले. पेन्सिलचे टोक एका ओळीखालून अगदी हळू सरकले.

"हरकत क्रमांक चार. 'उभय अर्जदार गतवर्षीच्या मार्चपासून विभक्त राहत आहेत.' बरोबर?"

"हो."

"गेल्या दिवाळीत तुम्ही या घरात तीन दिवस होतात. पाडव्याला शाल्मलीनं तुम्हाला ओवाळलं. काशीकरांनी फोटो काढला. रात्री याच खोलीत तुमची अंथरुणं होती, मीच घातली होती." ते कागदाकडेच पाहत होते. "एक वर्ष सलग विभक्त वास्तव्य हवं, असं कायदा म्हणतो. मध्ये एकत्र राहिलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे वर्ष भरणार येत्या दिवाळीला. तोवर अर्ज दाखलच होऊ शकत नाही. खाली सत्यापन आहे, शपथेवर. मिराशांच्या मुलीनं शपथेवर खोटं लिहिलेलं मला चालणार नाही."

सगळे ते अगदी कचेरीच्या आवाजात बोलले. पण पेन्सिल त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"अर्थात," जरा वेळाने ते म्हणाले, "एका छपराखाली राहूनही माणसं विभक्त असू शकतात. न्यायालयं हे मानतात. त्या तीन दिवसांत नवराबायको म्हणून राहिलो नव्हतो, असं कुणी मला सरळ सांगितलं, तर हरकत दूर होईल. पण ते मी मुलीला विचारू शकत नाही. आणि तुम्ही काही बोलणाऱ्यांतले नाही."

मी समजलो. मी गप्प राहिलो की दिवाळीपर्यंत सगळे जागच्या जागी थांबणार होते. जूनपासून दिवाळीपर्यंत किती रविवार होतात, ते माझ्या मनाने मला न विचारताच मोजून टाकले. बावीस. कदाचित बाबाच म्हणतील, सासूबाईंना एवढ्यात कळू देऊ नका, फोन चालू ठेवा. बावीस वेळा माझ्या दाराची घंटा वाजेल. बावीस आठवडे खांद्यावर तो स्पर्श राहील. आणि त्यासाठी मला काही करायचे नव्हते. माझ्या ज्या गुणाला कंटाळून शाल्मली गेली, तोच आता तिला अडवून धरणार होता. नुसते हसायचे होते.

बाहेर ट्रंक जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. एक हात धरायला नसतानाही तिने ती एकटीने उतरवली होती.

"बाबा," मी म्हणालो, "त्या तीन दिवसांत आम्ही एकमेकांशी जे बोललो ते सगळं तुमच्यासमोर बोललो. हे दार लावल्यावर एक शब्दही नाही. ती भिंतीकडे तोंड करून झोपायची, मी खिडकीकडे. रुसवा नव्हता. अनोळखी प्रवाशांना शेजारची जागा मिळावी, तसं होतं. परत जाताना स्वारगेटला उतरल्यावर ती मला 'थँक्यू' म्हणाली."

बाबांनी वर पाहिले.

"नवऱ्याला असं कुणी म्हणत नाही, बाबा. ती मनापासून म्हणाली. मी तिच्यासाठी तीन दिवस नवरा झालो होतो, म्हणून."

मी थांबेन असे मला वाटले होते. पण थांबता येईना.

"तिची चूक नाही. लग्नानंतर पहिले सहा महिने ती रोज संध्याकाळी दिवसभराचं सगळं सांगायची. ऑफिसातल्या बाईनं मांजर आणलं, जिन्यातला दिवा गेला, तिला गाणं पुन्हा सुरू करावंसं वाटतंय. मी ऐकायचो. फार मन लावून ऐकायचो. मला वाटायचं, ऐकणं हेच माझं उत्तर आहे, ते तिला पोचतंय. तिला वाटायचं, समोर कुणी नाही. मग ती कमी बोलू लागली. मग भांडून पाहिलं तिनं. मी भांडलोही नाही. ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी बॅग भरताना ती चार वेळा दारात थांबली. मी मोजलं. एकदा जरी मी 'नको' म्हणालो असतो तर ती राहिली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी तिची बॅग रिक्षापर्यंत नेऊन दिली. ती म्हणते ते खरं आहे, बाबा. मार्चपासून ती एकटी आहे. खरं तर त्याच्या बरंच आधीपासून. तिला दिवाळीपर्यंत थांबवू नका."

माझ्याच आवाजाचा मला संकोच वाटत होता. कुणा तिऱ्हाइताकडून मागून आणल्यासारखा तो वाटत होता.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समासातल्या चार या आकड्यावर त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि तिच्या शेजारी सुवाच्य अक्षरांत लिहिले, "हरकत दूर". खाली सवयीने आद्याक्षरेही घातली.

"विचारू का एक?" मी म्हणालो. बोलणे एकदा सुरू झाले की ते असे पुढे सरकते, हे मला नवीनच कळत होते. "तुम्हाला परवापासून ठाऊक होतं. मग आज माझे पाय का धुतलेत?"

"निकाल लागेपर्यंत तुम्ही जावईच आहात," ते म्हणाले. "त्याला हरकत घेता येत नाही." मग कागद नीट एकावर एक लावत म्हणाले, "आणि खरं सांगू? वाटलं होतं, पाय धुतल्यावर तुमच्या तोंडून शब्द फुटणार नाही. हा माझा डाव होता. नियमात बसणारा, पण डावच. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एकच शिकलो बघा, अर्ज थांबवून धरणं. हा एक थांबवावासा फार वाटला."

मी कागद पिशवीत ठेवले.

दारात शाल्मली उभी होती. हातात अल्बम, पैठणीला माळ्यावरची जळमटे लागलेली. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावर राग आहे की रडू, हे मला ओळखता येईना.

"चार वेळा?" ती म्हणाली.

"हो."

"तू मोजत होतास?"

"हो."

"आणि मांजर? ते मांजरही तुझ्या लक्षात आहे?"

"काळ्या शेपटीचं. त्याचं नाव तिनं डिसूझा ठेवलं होतं."

ती तिथेच उंबऱ्यावर बसली, अल्बम मांडीवर घेऊन, आणि हसू लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "बाबा," ती म्हणाली, "या माणसावर कुणीतरी वेळेत हरकत घ्यायला हवी होती हो."

"लग्नाआधी माझ्याकडे कुणी तपासायला दिला नव्हता," बाबा म्हणाले. "तुझ्या आईला एका भेटीतच पसंत पडला. म्हणाली, किती शांत मुलगा आहे."

आम्ही तिघेही हसलो. ते हसणे विचित्र होते. त्यात काहीच लपवायचे नव्हते. शाल्मलीने अल्बम उघडून हार घालतानाचा फोटो काढला. दोघांचे चेहरे स्पष्ट होते. ती कॅमेऱ्याकडे पाहून काहीतरी बोलत होती आणि मी तिच्याकडे पाहत होतो. तो तिने माझ्या हातात दिला. "तूच ठेव पिशवीत," ती म्हणाली. "मी हरवीन." तिने तो क्षणभर जास्तच धरून ठेवला, आणि मग सोडला. एका क्षणासाठी मला वाटले, ती म्हणेल, थांबू या का. ती म्हणाली नाही. मीही तिला विचारले नाही. शब्द उशिरा आले की ते खरे असले तरी उशिरा आलेलेच असतात, हे आम्हां दोघांनाही त्या वेळी सारखेच कळत असावे. आज सात वर्षांनीही मला याहून निराळे काही वाटत नाही. जूनमध्ये अर्ज दाखल झाला. दाखल-विभागाने एकही हरकत काढली नाही.

त्या दुपारी अंगणातले फाटक वाजले. काशीकर काकूंना निरोप देत सासूबाई परत येत होत्या. "जावई म्हणजे जावईच हो," असे काहीतरी त्या म्हणत होत्या. शाल्मलीचे हसू एकदम ओसरले. बाबा टेबलाला हात टेकून उठले.

"तिला मी सांगतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता कचेरीचा राहिला नव्हता. "ते तुमचं काम नाही, सारंगराव. तुमचं झालं."

"नाही बाबा," मी म्हणालो. "तुम्ही बसा."

मी स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई रिकामी ताटली विसळत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"अगबाई, तुम्ही इकडे? चहा टाकू का? की धोंडा हवाय अजून एक? लाजू नका हं."

"चहा नको, आई. जरा खाली बसता का? मला तुमच्याशी बोलायचंय."

त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडे नीट पाहिले, बहुधा पहिल्यांदाच. मग पदराला हात पुसत त्या खाली बसल्या आणि शेजारचा पाट माझ्याकडे सरकवला.

"बोला," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर बसलो आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.